फरक नाही

एस्किल्स्टूना, ९ फेब्रुवारी १९९८

यिल्वा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. शेजारच्या बाईंकडून पत्ता लिहून घेतला, कारण माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच शेगडीत टाकलं असतंस. सात वर्षांपूर्वी तुझ्या आईला पुरून आपण चर्चच्या फाटकाशी आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "यापुढे माझ्याशी बोलायचं काम नाही." तेव्हापासून मी बोललेलो नाही. आताही बोलत नाही, लिहितो आहे.

काल तुझ्या सिग्नेमावशीचा फोन आला.

"होल्गेर, बसला आहेस का?"

"बसलोय."

"खोटं बोलू नकोस, मागे नळ वाहतोय. आधी बस."

मग तिने सांगितलं. दीसा शाळेत व्यायामाच्या तासाला कोसळली, मेंदूत रक्त साकळलं होतं आणि आत खोलवर रक्तवाहिन्यांचा एक गुंता जन्मापासूनच आहे, म्हणे. तिथे सुरी पोचवणं धोक्याचं. तिकडच्या डॉक्टरांनी राजधानीत पाठवून किरण द्यायला सांगितले आणि तू नाही म्हणालीस. सिग्नेने तुझेच शब्द ऐकवले, अगदी तुझ्या आवाजात: "त्या यंत्राने माझी आई खाल्ली. मुलगी नाही देणार."

दीसाला मी एकदाच पाहिलं आहे, दहा वर्षांची असताना, आजीच्या शवपेटीशेजारी. आता ती सतरा वर्षांची आहे. सही तुझी लागते. तो गुंता पुन्हा कधी फुटेल ते कोणी सांगू शकत नाही, आज किंवा तीस वर्षांनी. एवढं तर तुला डॉक्टरांनी सांगितलंच असेल.

मी डॉक्टर नाही. पण त्या यंत्राच्या शिरस्त्राणाला भोकं पाडणाऱ्यांपैकी एक मी आहे, तेव्हा चार शब्द ऐकून घे. माझे वडील याच गावात सुऱ्यांना धार लावायचे. सुऱ्यांच्या गावातला मुलगा मोठा होऊन पातं नसलेली सुरी करायला गेला, यावर ते मरेपर्यंत हसले. जाड धातूचं गोल टोपरं, त्याला एकशे एकोणऐंशी भोकं आणि प्रत्येक भोकामागे कोबाल्टचा कण. एकेकटा किरण इतका दुबळा की डोक्यातून जातो आणि मागमूस ठेवत नाही. पण सगळे आत एका ठिकाणी भेटतात आणि तेवढीच जागा जळते. सगळी भोकं त्या एका बिंदूकडे बघतात की नाही हे तपासायला आम्ही मध्यभागी फोटोची फिल्म ठेवायचो. धुतल्यावर तिच्यावर सातूच्या दाण्याएवढा काळा डाग उमटायचा. डागाची कड जरा पसरट दिसली की पुन्हा सगळं उतरवायचं. मी ते काम नीट केलं, यिल्वा. एका केसाचाही फरक राहू दिला नाही.

ते यंत्र आता लहान मुलांवरसुद्धा वापरतात. दीसाला पाठव.

तुझा,
बाबा


एस्किल्स्टूना, ३ मार्च

यिल्वा,

तुझं कार्ड मिळालं. बर्फात उभं असलेलं रेनडियर आणि मागे सहा शब्द. "होल्गेर, आई आठवते. नको. लिहू नकोस."

होल्गेर! आजकाल सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारतात हे मला माहीत आहे. आमच्या तरुणपणी डॉक्टरांना हुद्द्याने बोलवावं लागायचं, "डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का" असं, ते समोर बसलेले असले तरी जणू दुसऱ्याच कोणाबद्दल विचारतोय. मग एका वर्षात सगळा देश अरेतुरेवर आला आणि लोकांना वाटलं आपण जवळ आलो. पण मुलीने बापाला होल्गेर म्हणणं म्हणजे दार लावून वर कडी घालणं आहे. असो. कडी तुझी, दार तुझं.

आई आठवते म्हणतेस. कोणती आठवते?

मला आठवते ती अकरा वर्षांची आहे. आमच्या शाळेत दर शनिवारी कविता पाठ म्हणायची असायची. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे, म्हणजे मुलांना लाज वाटू नये. आम्ही बाकीचे ओळी ओकून टाकायचो. गुनवोर उठायची, वेणी मागे टाकायची आणि वाऱ्यावरची, बर्चच्या झाडांवरची तीच कविता अशी म्हणायची की मास्तर खिडकीकडून वळायचे. दुसऱ्या कडव्यानंतर ती जरा जास्तच थांबायची. पुस्तकात तिथे विराम नाही, मी पाहिलं आहे. पण ती थांबायची, आणि वर्गात कोणी श्वास घेत नसे. मी त्या थांबण्याशी लग्न केलं, असं म्हटलंस तरी चालेल.

तुला आठवते ती हात धुणारी. तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून ते वाढत गेलं. नळ, साबण, पुन्हा नळ. दार लावलं का म्हणून सात वेळा मागे फिरायचं. शेगडी बंद आहे हे मी सांगितलेलं चालायचं नाही, तू सांगितलेलं चालायचं नाही, स्वतः पाहिलेलंसुद्धा चालायचं नाही. हिवाळ्यात तिच्या हातांना भेगा पडून रक्त यायचं. तुझ्या शाळेच्या समारंभाला ती आली नाही, आठवतं? कोट घालून अडीच तास दाराशी उभी होती.

गोळ्या झाल्या, मनाचे डॉक्टर झाले. मग राजधानीतल्या ज्या हॉस्पिटलात मी यंत्राच्या देखभालीला जायचो, तिथेच अशा आजारासाठी किरण देऊ लागले. कपाळामागे दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. सत्त्याहत्तरच्या ऑक्टोबरात तिने सही केली. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने. म्हणाली, "तुझ्याच टोपीत डोकं घालायचं ना? निदान मापाची तरी असू दे."

पुढचं तुला माहीत आहे. तेव्हा ते सगळं नवीन होतं, किरणांची मात्रा अजून बसायची होती. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

दीसाचा आजार वेगळा, जागा वेगळी, आणि मध्ये वीस वर्षं गेली. घाबरायचं तर त्या गुंत्याला घाबर.

बाबा


एस्किल्स्टूना, १९ मार्च

यिल्वा,

सिग्ने म्हणते, दीसाला पुन्हा चक्कर आली आणि एक दिवस डावा हात चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी चालू लागला. तरी तू नाहीच म्हणतेस.

"तिला काय सांगू मी?" सिग्ने मला विचारत होती. "ती म्हणते, तेव्हाही सगळे शहाणे म्हणत होते की काही होणार नाही. बरोबरच आहे की तिचं. तू तरी काय वेगळं सांगतोयस? भोकं सरळ होती, भोकं सरळ होती! अरे, भोकं घेऊन काय चाटायचंय?"

मी फोन ठेवला. तीन दिवस या टेबलाशी बसतो आहे आणि पान कोरं राहतं. हे एवढंच आज पाठवतो.


एस्किल्स्टूना, २२ मार्च

यिल्वा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मग पुन्हा कधी वाचू नकोस.

या महिन्याच्या सुरुवातीच्या पत्रात लिहिलं की मात्रा अजून बसायची होती. हे वाक्य मी तुला वीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात सांगितलं, सिग्नेला सांगितलं, स्वतःला तर रोज सांगितलं. ते खोटं आहे.

सुरीने कापलं की त्याच दिवशी दिसतं. किरणांचं तसं नाही. ते जाळतात ते सावकाश. तीन महिने, सहा महिने, कधी वर्ष. हे सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. डॉक्टर रेनमार्क, ज्यांनी तुझ्या आईला किरण दिले, ते बजावून सांगायचे, "आपलं काम झालं, आता गप्प बसायचं." पण मी यंत्रावरचा माणूस. आकडा लावला की त्याच क्षणी तेवढंच कापलं जायला हवं, ही माझी सवय. माझी आणखी एक सवय तुला ठाऊक आहे. दर जुलैत मी तुम्हा दोघींना एक आठवडा आधीच जंगलात ओढून न्यायचो आणि आपण अर्धी हिरवी ब्लूबेरी घरी आणायचो. आई त्याचं सार करायची आणि म्हणायची, "यिल्वा, साखर इकडे दे. तुझ्या बाबाला फळ पिकतं हे कोणी शिकवलंच नाही." आपण हसायचो.

ऑक्टोबर ते मार्च काहीच झालं नाही. नळ तसाच वाहत होता.

मग एप्रिलमधली ती सकाळ. उतारावर निळी रानफुलं आली होती. आई कोट घालून बाहेर पडली, दार ओढलं आणि चालू लागली. मी खिडकीतून मोजत होतो. आता वळेल, आता वळेल. ती वळली नाही. बस थांब्यापर्यंत गेली, हातमोजे काढले, रस्त्याकडेला वाकून मातीतली फुलं तोडली. उघड्या हातांनी. परत आली तेव्हा नखांत माती होती आणि ती हसत होती.

"बघितलंस?" म्हणाली. "मी गेले आणि आले."

दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा नळ. त्याच्या पुढच्या दिवशी थोडा कमी. असं मागे पुढे चाललं होतं.

मे महिन्यात तपासणी होती. सोबतीचा कागद घरच्या माणसाने भरायचा असतो. त्याच सुमारास मला कारखान्यात कळलं की यंत्र बंद होणार. कोबाल्ट पाच वर्षांत अर्धा होतो, कण बदलायचे होते, आणि जूनअखेरच्या मिडसमरच्या सणानंतर सात आठ महिने कोणालाच किरण मिळणार नव्हते. आणखी द्यायचे तर आत्ताच. मी हिशेब केला. एवढ्या महिन्यांत एक सकाळ! या गतीने ती माझी गुनवोर कधी होणार? मला अर्धीमुर्धी बरी झालेली बायको नको होती, यिल्वा. मला शनिवारी उठून वेणी मागे टाकणारी हवी होती. ती तर तिच्याकडेही उरलेली नव्हती, सत्तावन्न वर्षांची बाई ती. पण मला हवी होती.

कागदावर प्रश्न होता: पहिल्या वेळेनंतर काही फरक? मी लिहिलं, "फरक नाही." त्याखाली माझी सही.

डॉक्टर रेनमार्कनी तो कागद तपासणीच्या खोलीत नुसता चाळला. खरं बोलणं झालं ते दहाच्या कॉफीला. हॉस्पिटलात सगळं त्याच टेबलावर ठरायचं, डॉक्टर, नर्सबाई, झाडूवाला, सगळे दालचिनीच्या पावाभोवती.

"होल्गेर, खरंच काही नाही?"

"नाही."

"अजून थांबलो असतो. सातच महिने झालेत."

"मग यंत्र बंद होईल आणि पुढचं वर्ष उजाडेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "दुसरा कोणी असता तर मी ऐकलं नसतं. पण हे यंत्र तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू म्हणतोस तर नसेलच फरक."

त्यांनी तिला वेगळं बसवून विचारलं नाही. मी त्यांच्या टेबलावरचा माणूस होतो ना. परक्याचा शब्द त्यांनी तपासला असता.

आता सगळ्यात वाईट. जूनमध्ये दुसऱ्या वेळेला जायच्या सकाळी तुझी आई याच टेबलाशी बसली होती. हात मांडीवर, ओले नव्हते. ती म्हणाली, "होल्गेर, मला वाटतं मी आता बरी होतेय. हळूहळू. राहू दे ना. थांबू या थोडं."

मी म्हणालो, "डॉक्टरांना ठाऊक आहे काय करायचं ते."

ती म्हणाली, "बरं." उठली आणि कोट घातला. दार एकदाच ओढलं. एकदाच, यिल्वा. मी मागेच उभा होतो आणि मी ते पाहिलं.

पहिल्या वेळेचं जळणं अजून आत चाललंच होतं, त्यावर दुसरं बसलं. ख्रिसमसला तू आलीस तेव्हा नळ थांबला होता. हात गुळगुळीत झाले होते. भेटवस्तू तिच्या मांडीवर तशाच बांधलेल्या राहिल्या. तू विचारलंस, "आई, मी आलेली आवडलं का तुला?" आणि ती "हो" म्हणाली, किती वाजले ते सांगावं तसं. तू ओसरीत जाऊन रडलीस. त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, ती शाळेतली कविता म्हण. तिने म्हटली. एक शब्द चुकला नाही. दुसऱ्या कडव्यानंतर ती थांबली नाही. पुस्तकात होतं तसं, सरळ पुढे गेली.

तेरा वर्षं ती तशी जगली. मी तिला जेवायला घातलं, केस विंचरले, आणि तू दारात येऊन "यंत्र, यंत्र" म्हणत राहिलीस. मी तुला म्हणू दिलं. डॉक्टर रेनमार्क एकदा कॉफीला माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "होल्गेर, माझी मात्रा चुकली. माफ कर." मी चमच्याने कॉफी ढवळत राहिलो. ती काळी कॉफी होती, ढवळायला त्यात काही नव्हतं. त्यानंतर ते टेबलावर यायचे बंद झाले, दोन वर्षांनी नोकरी सोडली आणि आता ते नाहीत. ते गेले ते स्वतःला दोषी समजूनच.

यंत्राने तुझी आई खाल्ली नाही. मी सोबत कागदाची नक्कल पाठवतो आहे. इतकी वर्षं शाळेच्या कवितांच्या पुस्तकात ठेवली होती, त्याच पानात. अक्षर ओळखशील.

याचा जो राग यायचा तो माझ्यावर येऊ दे. पूर्ण येऊ दे, मी त्यातून सुटायला हे लिहिलेलं नाही. पण तो दीसाच्या डोक्यावर ठेवू नकोस. तिला पाठव.

होल्गेर


एस्किल्स्टूना, २६ एप्रिल

यिल्वा,

महिना झाला. तुझं काही नाही, ते ठीकच आहे. सिग्नेसुद्धा फोन घेत नाही, म्हणजे तू तिला कागद दाखवलास. काल एकदाच तिने उचलला. "मी तिची बहीण होते, होल्गेर," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

त्या आधीच्या आठवड्यात हॉस्पिटलाच्या संग्रहालयाचं बोलावणं आलं होतं. पहिल्या शिरस्त्राणांपैकी एक त्यांनी काचेत ठेवलं आहे, केक कापणार आहेत, जुन्या कारागिरांनी यावं. मी कळवलं, गुडघा दुखतो. काचेसमोर उभं राहून हसणं मला जमलं नसतं.

उतारावर निळी फुलं आली आहेत. मी तोडत नाही.

होल्गेर


एस्किल्स्टूना, १४ जून

यिल्वा,

तुझं कार्ड काल आलं. राजधानीचा शिक्का पाहून मी ते किती तरी वेळ उलटं धरून बसलो. इथे उतरवून ठेवतो, कारण कार्ड हाताळून हाताळून शाई जाईल:

"होल्गेर, मंगळवारी झालं. दीसाने सही माझ्याबरोबर स्वतःही केली. डोक्याला घट्ट बसवलेली चौकट काढल्यावर तिने दोन पाव आणि माझ्या वाट्याचं अंडं खाल्लं. डॉक्टर म्हणतात, गुंता बंद व्हायला दोन वर्षं, कदाचित तीन. तोवर तो फुटूही शकतो. मी त्यांना सांगितलं, फरक आहे का हे तिलाच विचारायचं, मला नाही. तूही विचारू नकोस. तुला माफ केलेलं नाही. आईचा कागद मी ठेवून घेतला आहे. यिल्वा."

ठेव. तो तुझाच आहे.

दोन वर्षांनी मी एक्याऐंशीचा होईन. तीन लागली तर ब्याऐंशीचा. पोचेन की नाही ते सांगता येत नाही, आणि पोचलो तरी तू कळवशील असं तू लिहिलेलं नाहीस. हे मी वाचलं. दोनदा वाचलं.

तू लिहू नकोस असं या वेळी म्हटलेलं नाहीस, तेव्हा महिन्यातून एक पत्र पाठवीन. त्यात प्रश्न नसेल.

होल्गेर


एस्किल्स्टूना, ६ जुलै

यिल्वा,

आज तळ्यामागच्या जंगलापर्यंत चालत गेलो. या वर्षी ब्लूबेरी भरपूर धरली आहे. सगळी हिरवी आहेत, एखाद्याच फळाची एक बाजू लालसर झाली आहे.

डबा नेला होता. रिकामाच परत आणला.

होल्गेर